नागठाण्याचे राजहंस

मागल्या माघात कृष्णाकाठच्या एका गावी, पलूस तालुक्यात, सप्ताहाची सेवा होती. पाचव्या दिवशी कऱ्हाडच्या सखूबाईचे आख्यान लावले. आपल्या वाचकांना ते नवे नाही, तरी पुढच्या बोलण्यासाठी दोन शब्दांत सांगून टाकतो. कृष्णेवर पाण्याला गेलेली सखू पताका पाहून दिंडीच्या मागे निघाली. घरच्यांनी तिला ओढून आणले, मारले, खांबाला करकचून बांधले. तेव्हा पांडुरंग बाईच्या वेषाने आला, तिचे दोर सोडले आणि तिच्या जागी स्वतःला बांधून घेतले. सखू पंढरीला गेली. इकडे देव सखू होऊन राहिला. पाणी भरले, दळले, कांडले, सासूचे पाय चेपले, वाढून दिले, उष्टी काढली. या ठिकाणी मंडपात डोळे पुसले जातात. चाळीस वर्षे मी हे पाहत आलो आहे.

कीर्तन आटोपले, आरती झाली, आणि एक म्हातारी माउली पुढे आली. तिचा नातू बारा-तेरा वर्षांचा, गोड गळ्याचा. गेली दोन वर्षे काल्याच्या दिवशी लुगडे नेसून, डोक्यावर मडके घेऊन तो गौळण होत असे. यंदा त्याने साफ नाही म्हटले. शाळेत पोरे चिडवतात, टाळी वाजवून दाखवतात, बायकी म्हणतात. म्हातारीने मला एवढेच विचारले, की देवाने लुगडे नेसले तर आपण सगळे रडतो आणि हात जोडतो, मग माझ्या पोराने नेसले तर त्याची थट्टा का होते. मी सवयीने उत्तर दिले. देवाची लीला वेगळी, माणसाचे वागणे वेगळे, असे काहीतरी. तिने मान डोलावली, पायावर डोके ठेवले आणि गेली. पण उत्तर आपल्यालाच पटलेले नाही, हे बुवाला कळते हो. पोथी मिटली तरी ते मनात राहते.

रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी उठून नागठाण्याला गेलो. ते तिथून जवळच, कृष्णेच्याच काठी. सातारा तालुक्यात हमरस्त्यावर आणखी एक नागठाणे आहे, ते हे नव्हे. हे सांगली जिल्ह्यातले. अर्थात सांगली तरी वेगळी कुठे होती? १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. तर या नागठाण्याचे राजहंस घराणे, आणि त्या घराण्यातले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. साऱ्या महाराष्ट्राने ज्याला लुगडे नेसलेले पाहून हात जोडले असा आपल्या मुलखातला माणूस हाच. म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर कुठे असलेच तर याच्या चरित्रात असेल, असे वाटले. हरिभक्तांच्या मासिकात नटाचे चरित्र कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने थोडा धीर धरावा. पुढे कान्होपात्रा येणार आहे.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. घर ब्राह्मणाचे, परिस्थिती बेताची, आईचे नाव अन्नपूर्णाबाई. गळा जन्मतःच सुरेल. दहा वर्षांच्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांनी गाणे ऐकले आणि कौतुकाने बालगंधर्व हे नाव दिले, असे सांगतात. पण घरंदाज मुलाने गाणे म्हणावे ते देवापुढे किंवा ओसरीवर. नाटकमंडळीत जाणे म्हणजे मुलगा हाताचा गेला, अशी त्या काळची समजूत. मुलाचीच ही कथा, तर मुलीचा विचारच नको.

कानाला काही दोष होता म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना मिरजेच्या मिशन इस्पितळात धाडले. त्याच वेळी किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम मिरजेत होता. मंडळीचे स्त्रीभूमिका करणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि त्यांची जागा भरून निघत नव्हती. कान बरा करायला आलेला मुलगा शकुंतला होऊन बाहेर पडला. हे साल १९०५. मिरजेत आज त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे.

आता एक योग पाहा. त्याच साली, त्याच मिरजेत, मे महिन्यात एक मुलगी जन्मली. ती पुढे हिराबाई बडोदेकर. उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही लेक. तिचा गळा काय होता हे मी सांगायला नको. पण बाईने बैठकीत बसून सभ्य लोकांपुढे गावे आणि तिला कोणी भलतेसलते समजू नये, एवढ्यासाठी तिला आणि तिच्या पिढीतल्या बायकांना किती सोसावे लागले! मुलगा शकुंतला झाला तर नवलाई. शकुंतलेच्या जातीची, म्हणजे बाईच्या जातीची मुलगी शकुंतला होऊ म्हणाली असती तर मात्र धर्म बुडाला असता.

धर्म म्हणजे कोणता, तेही पाहू. आमचे शिक्षण पाठशाळेतले, म्हणून ग्रंथाचे बोलतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आरंभीच कथा आहे, की कैशिकी नावाची जी सुकुमार वृत्ती, ती नुसत्या पुरुषांकडून होईना, म्हणून ब्रह्मदेवाने अप्सरा निर्माण केल्या आणि नाट्यासाठी भरताला दिल्या. पुढे त्याच ग्रंथात पात्रयोजनेचे प्रकार सांगितले आहेत. स्त्रीने स्त्रीचे काम करावे हा एक. पुरुषाने स्त्रीचे, किंवा स्त्रीने पुरुषाचे करावे हाही एक. दोन्हींना मान्यता आहे. स्त्रीवेष घेणाऱ्या नटाला भ्रूकुंस असा शब्दच आहे, तो पतंजलींच्या महाभाष्यातही येतो. नाट्यशास्त्राने बाईला रंगभूमीवरून हाकलले नाही, आणि लुगडे नेसणाऱ्या पुरुषाला हसलेही नाही. स्मृतिकारांनी मात्र नटाला पंक्तीत कमी लेखले, हे लपवून चालणार नाही. शास्त्रात दोन्ही सापडते. त्यातले कोणते उचलायचे ते समाज ठरवतो, आणि ठरवून झाल्यावर त्याला धर्म म्हणतो.

सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर केले. चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता. तेव्हाही सीता पुरुषच झाला. कारण उघड होते. चारचौघांत गाणारी बाई म्हणजे नायकीण, कलावंतीण. तिच्या गाण्याचे पैसे देणारे लोक तिचे अंगही त्या पैशांत आले असे समजत. घरच्या बाईवर तशी नजर नको म्हणून घरची बाई रंगभूमीवर नको. नजर बदलायचे कोणाच्या मनात आले नाही, बाईच झाकून ठेवली.

मिरजेचेच आणखी एक आठवते. सतराव्या शतकात याच गावी वेणाबाई होऊन गेल्या. बालविधवा. समर्थ रामदासांनी त्यांना उभे राहून कीर्तन करण्याची अनुज्ञा दिली, मठ दिला. मिरजेचा तो मठ आजही आहे, आणि समाधी सज्जनगडावर. लोकांनी बदनामी केली, घरच्यांनी विष दिले, अशी कथा परंपरेत आहे. संप्रदाय आपला नव्हे, पण मान देण्याजोगी गोष्ट आहे. अडीचशे वर्षांपूर्वी ज्या गावात विधवेने उभे राहून हरिकथा केली, त्या गावात १९०५ साली बाईच्या भूमिकेला बाई मिळत नव्हती. काळ पुढे जातो म्हणतात, तो नेहमीच पुढे जातो असे नाही.

असो. नारायणराव किर्लोस्कर मंडळीत आले, भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू मिळाला आणि भाग्य उघडले. १२ मार्च १९११ ला खाडिलकरांच्या मानापमानाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची पहिली मुलगी वारली. नारायणरावांनी प्रयोग थांबवला नाही. भामिनीचा वेष चढवला, गायिले, हसले, लाजले. ही गोष्ट कर्तव्यनिष्ठेचा नमुना म्हणून सांगितली जाते. मीही ती कीर्तनात पुष्कळदा सांगितली, टाळ्याही मिळाल्या. नागठाण्याला स्मारकापुढे उभा असताना पहिल्यांदा मनात आले, की त्या रात्री लक्ष्मीबाई काय करीत असतील? लेकरू गेलेली आई घरी एकटी. आणि नवरा हजार लोकांपुढे स्त्रीचे हृदय कसे असते ते दाखवतो आहे, लोक म्हणताहेत की स्त्री असावी तर अशी. नारायणरावांना मी दोष देत नाही. प्रयोग बंद पडला तर किती घरांच्या चुली बंद पडतात हे मंडळीत राहिलेल्याला ठाऊक असते. पण खऱ्या बाईचे रडणे पडद्यामागे राहिले आणि केलेल्या बाईचे हसणे इतिहासात गेले, एवढे मात्र खरे. लक्ष्मीबाईंवर कोणी आख्यान लावले नाही. मीही नाही.

१९१३ साली गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मग जे वैभव आले ते आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले. अस्सल शालू, खरे दागिने, अत्तराचा घमघमाट, साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, तबल्यावर अहमदजान थिरकवा. पैशाचा हिशेब त्यांना कधी जमला नाही. १९२१ च्या सुमारास मंडळी लाखाच्या वर कर्जात बुडाली होती, आणि ते फेडण्यात पुढली वर्षे गेली.

त्यांची नक्कल नव्हती, असे जाणते सांगत. बाई कशी बसते, पदर कुठे सावरते, डोळे कधी उचलते आणि कधी नाही, हे त्यांनी बायकांकडून टिपून घेतले होते. मग उलटा प्रकार सुरू झाला. बायका नाटकाला येऊ लागल्या आणि त्यांच्याकडे पाहून नेसू लागल्या. गंधर्व नेसतात तसे नऊवारी, गंधर्व माळतात तसा गजरा, तसाच अंबाडा. घरोघरी सुनांना त्यांचा दाखला दिला जाई. बायकांपासून पुरुष शिकला आणि पुरुषापासून बायका शिकल्या. आता यातले बाईपण नक्की कोणाचे? मी यावर पुष्कळ विचार केला. देह घेऊन आपण येतो हे खरे. पण चालणे, लाजणे, हळू बोलणे, मान खाली घालणे हे सगळे शिकून येते. बाळपणी आई शिकवते, मग सासू शिकवते, आणि एक काळ असा आला की नाटकातला नट शिकवू लागला. शिकवून येते म्हणजे ते खोटे नव्हे. पण शिकवलेले बदलता येते, एवढे तरी त्यावरून मानावे लागते.

आणि शिकवणूक काय होती? स्वयंवरात ते रुक्मिणी झाले, १९१६ साली. ती आपली रखुमाई. भागवताच्या दशमस्कंधात सात श्लोकांचे पत्र लिहून स्वतःचा वर स्वतः निवडणारी, भावाला न जुमानणारी. हे एक रूप. तीन वर्षांनी गडकऱ्यांचा एकच प्याला आला, १९१९ साली, तोवर गडकरी वारले होते. त्यात नारायणराव सिंधू झाले. शालू टाकून त्यांनी फाटके लुगडे नेसले. दारुड्या नवऱ्याचे सगळे सोसून, मूल गमावूनही त्याची निंदा न ऐकणारी सिंधू. नाटक लिहिले गेले दारूवर, पण लोकांनी बायकोचे सोसणे डोक्यावर घेतले. थिएटरात पुरुषही हुंदके देत. त्यांतले काही घरी जाऊन काय करीत असतील ते देव जाणे. रुक्मिणीचे पत्र लिहिणे लोक विसरले, तिचा शालू तेवढा लक्षात राहिला. सिंधूचे सोसणे मात्र लक्षात राहिले.

इथे माझे मला सापडले, बरं का. सखूचे आख्यान मी चाळीस वर्षे सिंधूसारखे लावले. किती सोसले सखूने, किती मार खाल्ला, कशी उलट बोलली नाही, हेच आळवून आळवून सांगितले. पुढे बसलेल्या लेकीसुना रडल्या आणि घरी जाऊन पुन्हा सोसायला लागल्या. त्यांच्या सासवा मला येऊन सांगत की बुवा, छान झाले. पण आख्यानात आहे काय? सखू घरच्यांना न विचारता निघाली. आणि देवाने तिला काय सांगितले? परत जा, सोस, नवरा हाच देव, असे सांगितले? नाही. त्याने तिला सोडवून लावून दिले आणि तिचे जाते स्वतः ओढले. घरातले काम हे बाईचेच, ही जी आपली पक्की समजूत, ती देवानेच मोडली. जनाबाईबरोबर दळायला बसून आधी एकदा मोडली होती. एवढी उघड गोष्ट मला दिसू नये, आणि एका म्हातारीने नातवाचे दुःख सांगितल्यावर दिसावी!

आपल्या संप्रदायाला खरे म्हणजे हे अवघड जाऊ नये. कोवळ्या वयात समाधी घेतलेल्या ब्रह्मचारी पुरुषाला आपण माउली म्हणतो. विठोबाला विठाबाई म्हणतो. ज्ञानोबांनी विरहिणी लिहिल्या त्या बाई होऊन. नाथांची भारुडे पाहा. त्यांत मुरळी आहे, जोगवा मागणारी आहे, सासुरवाशीण आहे, आणि त्या सगळ्या नाथच आहेत. काल्याला मिशावाले बाप्ये फुगड्या घालतात. बहिणाबाईंनी तर स्त्रीदेह मिळाला म्हणून वेद ऐकायची बंदी, याची खंत स्पष्ट शब्दांत मांडली आणि तुकोबांना गुरू केले. इतके सगळे पदरी असून आपल्या मंडपात वीणा कोणाच्या गळ्यात असते? दिंडीत तुळस बाईच्या डोक्यावर आणि वीणा बुवांच्या गळ्यात, हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही ठरवलेले आहे असे वाटतच नाही. अलीकडे स्त्रिया कीर्तने करतात, चांगली करतात. त्यांच्या कीर्तनाला जाऊन आलेले आमचे काही वृद्ध मित्र मागाहून निरूपणाबद्दल बोलत नाहीत, पोशाखाबद्दल बोलतात. माझीही जीभ पूर्वी सुटलेली आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

आता कान्होपात्रा. १९३१ साली गंधर्व मंडळीने ना. वि. कुलकर्णी यांचे हे नाटक केले. मंगळवेढ्याच्या श्यामा नायकिणीची ही मुलगी. रूप आणि गळा दोन्ही असलेली. आईचा धंदा तिने नाकारला, वारकऱ्यांच्या मागून पंढरीला गेली. बिदरच्या बादशहाने मागणी केली तेव्हा पांडुरंगाच्या पायाशी प्राण ठेवला. देवळात तिची तरटीची खूण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. संतमंडळात तिला गुरू नाही, दिंडी नाही, घराणे नाही. देहाचा बाजार नाकारणे एवढीच तिची साधना. तिचे अभंग नारायणरावांनी गायिले आणि जे लोक देवळाची पायरी चढत नव्हते त्यांच्या ओठी पंढरी आली. त्या ध्वनिमुद्रिका आजही लागतात. मी बालगंधर्वांना पाहिलेले नाही, ते गेले तेव्हा मी लहान होतो. पण वडिलांच्या रेडिओवर पहाटे तो आवाज ऐकला, आणि तो पुरुषाचा की बाईचा हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. आजही येत नाही. आळवणे एवढेच कानी येते.

तरी एक बोच राहतेच. कान्होपात्रेचे दुःख थिएटरात ब्राह्मणाच्या मुलाने गायिले तेव्हा प्रेक्षक गहिवरले. कान्होपात्रेच्याच कुळीची एखादी बाई त्याच थिएटरात आली असती तर तिला कोठे बसवले असते?

काळ बदलत होता. १९३३ साली मुंबईत नाट्यमन्वंतराच्या आंधळ्यांची शाळा या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्मावती वर्तक या घरंदाज स्त्रिया उभ्या राहिल्या. हिराबाई बडोदेकर याच सुमारास स्वतःची मंडळी घेऊन रंगभूमीवर आल्या होत्या. बोलपट आला. स्त्रीपार्टी नटाचे दिवस भरले. नारायणराव पंचेचाळिशीच्या पुढे गेले होते. १९३५ साली प्रभातच्या धर्मात्मा या बोलपटात शांतारामबापूंनी त्यांना एकनाथ महाराज केले. म्हणजे पुरुष, तेही संत. अस्पृश्याच्या लेकराला कडेवर घेणारे नाथ. आपल्याला वाटेल की हरिभक्तांनी ते डोक्यावर घेतले असेल. तसे झाले नाही. लोकांना गंधर्व पाहिजे होते ते शालूतले. तीस वर्षे ज्यांना बाई म्हणून डोक्यावर घेतले, त्यांना पुरुष म्हणून पाहायची लोकांची तयारी नव्हती. प्रभातशी जुळलेले नाते त्या एका बोलपटातच आटोपले. चिडवणारी पोरे आणि कौतुक करणारे रसिक यांत मला तिथे फारसे अंतर दिसले नाही. एकाने म्हणावे लुगडे नेसतोस म्हणून तू पुरुष नाहीस. दुसऱ्याने म्हणावे लुगड्यावाचून तू कोणीच नाहीस. मधल्या माणसाला विचारले कोणी?

१९३८ साली गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. ध्वनिमुद्रिकांनी आधीच नाव झालेली गायिका, गंधर्वांच्या गायकीवर जीव ओवाळणारी. त्या स्त्रीभूमिका करू लागल्या. इथे जनतेचे रूप पालटले. थिरकव्यांच्या तबल्याला, कादरबक्षांच्या सारंगीला लोकांनी माना डोलावल्या होत्या, त्यांचा धर्म कोणी विचारला नव्हता. गोहरबाईंचा मात्र विचारला. कारण ती बाई होती, गाणारी होती, मुसलमान होती, आणि नारायणरावांनी तिला घरात मान दिला. लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. पुढे नारायणरावांनी गोहरबाईंशी संसार केला. जुने स्नेही तुटले, आप्त दुरावले. ज्यांनी त्यांच्यात रुक्मिणी पाहिली होती त्यांनी तोंड फिरवले. लक्ष्मीबाईंच्या हयातीतच हे नाते जुळले. ते त्यांना किती लागले असेल, याचाही विचार मनात येतो, आणि तेव्हा नारायणरावांची बाजू घेणे सोपे राहत नाही. पण गोहरबाईंना चेटकीण ठरवून मोकळे होणाऱ्यांचीही बाजू मला घेववत नाही. पुरुष चुकला तर बाईने भुलवले म्हणायचे, ही चाल फार जुनी आहे. आम्ही कीर्तनकारांनी विश्वामित्र-मेनकेच्या निमित्ताने तिला भरपूर पाणी घातले आहे.

शेवटी पाय अधू झाले, हिंडणे-फिरणे थांबले. पैसा उरला नव्हताच. गळा राहिला होता, तो भजनाला लागला. ज्यांना चेटकीण म्हटले त्या गोहरबाईंनी सेवा केली. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक, १९६४ साली पद्मभूषण. त्याच १९६४ साली गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ ला पुण्यात नारायणरावांनी देह ठेवला. आषाढाचे दिवस. पुढल्या वर्षी त्यांच्या जन्मदिवशी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले, त्याची कोनशिला त्यांच्याच हातून १९६२ साली बसली होती.

नागठाण्याहून दुपारी परत आलो. म्हातारीच्या घरी गेलो, चहा झाला. नातू कोपऱ्यात मृदंगावर बोल काढीत होता, बोटे चांगली होती. गौळण हो, असे मी म्हटले नाही. त्याला नको तर नको. पण म्हातारीला सांगितले की काल मी चुकीचे उत्तर दिले, आणि नारायणरावांची गोष्ट जमेल तशी सांगितली. गोहरबाईंपाशी आल्यावर तिने भाकरी थापता थापता हात थांबवला, काही विचारील असे वाटले, पण पुन्हा थापू लागली. पोरगा मात्र मध्येच उठून जवळ येऊन बसला होता. त्याने तो आवाज कसा होता ते विचारले. घरातल्या कोणीतरी फोनवर कान्होपात्रेचा अभंग लावून दिला. पहिल्यांदा त्याला हसू आले. मग तो मृदंग घेऊन ठेका धरू लागला.

पुढल्या माघातही सेवा त्याच गावी आहे. परवा निरोप आला. आख्यान कोणते लावायचे ते त्यांनी अजून कळवलेले नाही.